शस्त्रक्रियेआधीची फाइल

१० सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी मी पुण्यातल्या रुग्णालयात दाखल झाले तेव्हा माझ्या फाइलमध्ये ११४ कागद होते. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत वीस वर्षे हिशेब पाहिल्यामुळे कागदावर क्रमांक टाकून ठेवण्याची सवय हाताला लागलेली आहे, म्हणून हा आकडा सांगता येतो. वजनाच्या शस्त्रक्रियेत पोटाचे काय करतात याची माहिती आता कोणालाही मिळते. परंतु शस्त्रक्रियेला आपण पात्र आहोत की नाही हे कोण ठरवते, कशावरून ठरवते आणि त्यात किती दिवस जातात, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. माझे त्यात जवळपास तीन महिने गेले. त्यांपैकी निम्मे माझ्याच एका चुकीमुळे गेले आणि ती चूकही मी खाली लिहिली आहे.

सुरुवात मे महिन्याच्या अखेरीस झाली. मला सात वर्षांपासून मधुमेह आहे. दोन प्रकारच्या गोळ्या चालू असूनही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८.७ आली, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “ताई, आता एकतर इन्सुलिन, नाहीतर पुण्याला जाऊन वजनाच्या शस्त्रक्रियेबद्दल एकदा विचारून तरी या.” मला राग आला होता. इतकी का मी जाड आहे, हाच प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात होता. माझ्या समजुतीप्रमाणे ही शस्त्रक्रिया दीडशे किलोच्या, दारातून आत येताना आडवे व्हावे लागणाऱ्या माणसांसाठी असते.

१७ जून, मंगळवारी मी पहाटेच्या बसने स्वारगेटला उतरले. (एसटीत बायकांना अर्धे तिकीट असल्यामुळे पुढच्या नऊ फेऱ्यांत बराच पैसा वाचला, हेही हिशेबात धरायला हवे.) शल्यचिकित्सकांना भेटण्याआधी एका परिचारिकेने वजन, उंची, कंबर आणि मान मोजली. वजन ९२.६ किलो भरले. उंची मी स्वतःच पाच फूट तीन इंच म्हणून सांगितली होती. तिने पाठ भिंतीला टेकवून, टाचा मागे घ्यायला लावून वरची पट्टी डोक्यावर आणली आणि १५५ सेंटिमीटर लिहिले, म्हणजे पाच फूट एक इंच. दोन इंच कुठे गेले कोण जाणे. पण उंचीचा वर्ग भागाकारात येत असल्यामुळे या दोन इंचांनी बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ३६.२ वरून ३८.५ वर गेला. कंबर १०८ सेंटिमीटर होती; भारतीय स्त्रियांसाठी ८० च्या पुढे धोका धरतात. मान मोजण्याचे कारण मला तेव्हा कळले नाही.

डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर दोन उभ्या रेघा मारून जे समजावून सांगितले, तो माझ्या फाइलमधला तिसरा कागद आहे. जगभर अनेक वर्षे चालत आलेला निकष अमेरिकेत १९९१ साली ठरला: बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ च्या वर आणि सोबत गंभीर सहव्याधी. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या वर सहव्याधी असो वा नसो, शस्त्रक्रियेची शिफारस करतात आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर तिचा विचार करतात. आपल्यासारख्या आशियाई लोकांमध्ये चरबी पोटात साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून आपल्यासाठी लठ्ठपणाची रेघ ३० ऐवजी २५ वरच धरतात आणि शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून होऊ शकतो. “म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या तुम्ही पात्र आहात,” असे म्हणून त्यांनी दुसऱ्या रेघेखाली ‘विमा’ असा शब्द लिहिला आणि म्हणाले, “इथे मात्र अजून १९९१ चालू आहे.”

विमा नियामक प्राधिकरणाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेले एक कलम आहे. वजन कमी करण्याच्या उपचारांचा खर्च त्या कलमाने वगळला जातो, आणि शस्त्रक्रियेसाठी त्याला अपवाद हवा असेल तर चार गोष्टी लागतात: डॉक्टरांचा सल्ला, वैद्यकीय संकेतांचा आधार, वय किमान १८ आणि बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक, तोही कमी त्रासाचे उपाय करून झाल्यावर. ते आजार म्हणजे लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार आणि नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह. आपली पॉलिसी काढून हे कलम पहिल्याच आठवड्यात वाचावे, असे मी प्रत्येकाला सांगेन. माझी पॉलिसी २०१९ ची, पाच लाखांची होती आणि प्रतीक्षा कालावधी उलटून गेला होता, ही जमेची बाजू.

त्याच दिवशी डॉक्टरांनी इतर मार्गही सांगितले. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेले आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन होते. त्याचा खर्च तेव्हा महिन्याला १४,००० रुपयांपासून पुढे होता, आणि बंद केले की वजन पुन्हा चढण्याची शक्यता दाट. इन्सुलिन होतेच. घरी जाऊन विचार करा, असे ते म्हणाले. मी खुर्चीतून उठले नाही, तेव्हा त्यांनी तपासण्यांची यादी लिहून दिली. २४ जुलै ही शस्त्रक्रियेची संभाव्य तारीखही त्याच कागदाच्या कोपऱ्यात आहे. बाहेर स्वागतकक्षात एक चार पानी फॉर्म भरून घेतला. त्यात ‘धूम्रपान / तंबाखूचे सेवन’ या ओळीपुढे मी स्वच्छ अक्षरांत ‘नाही’ असे लिहिले.

माझ्या शेजारी बसलेली मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची असेल. दिवाळीनंतर तिचे लग्न होते आणि आईने तिला वजन उतरवायला आणले होते. आत जाऊन दहा मिनिटांत दोघी परत आल्या, आणि बीएमआय २६ असल्यामुळे डॉक्टरांनी हात लावायला नकार दिला, हे तिच्या आईने साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. मुलीच्या तोंडावर सुटका झाल्याचे समाधान होते.

तपासण्यांसाठी मी पालख्या पुण्यातून पुढे गेल्यानंतरची तारीख मागून घेतली आणि २३ जूनला नणंदेकडे कोथरूडला मुक्काम केला. रात्री अकराला एक गोळी घ्यायची आणि सकाळी आठला रक्त द्यायचे होते. कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या बिघाडामुळे वजन वाढले आहे का, हे त्यातून पाहतात. तसे असेल तर आधी त्या बिघाडावर उपचार होतो, पोटावर नाही. तीच गोष्ट थायरॉइडची. माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडचे काम मंदावले की वाढणारा आकडा, ६.८ होता, आणि सगळा दोष थायरॉइडवर टाकता येईल अशी मला आशा होती. पण थायरॉइडमुळे वाढणारे वजन सहसा काही किलोंचेच असते, असे सांगून डॉक्टरांनी फक्त गोळीची मात्रा वाढवली. रक्ताच्या नऊ नळ्या घेतल्या. त्यांत सी-पेप्टाइड नावाची एक तपासणी होती. आपले स्वादुपिंड अजून स्वतः किती इन्सुलिन बनवते हे तिच्यातून समजते. वय, बीएमआय, सी-पेप्टाइड आणि मधुमेहाची वर्षे यांवरून शस्त्रक्रियेनंतर मधुमेह कितपत माघार घेईल याचा अंदाज बांधतात. आमचे घर माळकरी, मांस-अंडे नाही, त्यामुळे बी-१२ अवघे १६८ निघाले आणि ड जीवनसत्त्वही कमी. शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वे अंगी लागणे आणखी अवघड होते, म्हणून ही तूट आधी भरून काढतात. मला बी-१२ ची इंजेक्शने त्याच आठवड्यापासून सुरू झाली.

रिकाम्या पोटी करायच्या म्हणून सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी एकाच सकाळी उरकल्या. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली, पित्ताशयात खडे नव्हते. एंडोस्कोपीची मला फार धास्ती होती. घशात कडवट फवारा मारतात, जीभ जाड होते, आणि मग नळी आत जाताना उलटीचा उमाळा आवरत आढ्याकडे पाहत राहायचे, एवढाच प्रकार आहे. सहा-सात मिनिटांत संपतो. त्यात छोटा हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला, आणि अन्ननलिकेच्या टोकाला आम्लाने झालेली लाली दिसली. जठरातल्या जंतूंसाठी घेतलेला तुकडा निर्दोष आला. या लालीमुळे माझी शस्त्रक्रिया बदलली. मी जठराचा मोठा भाग काढून त्याची नळी करण्याच्या, म्हणजे स्लीव्हच्या, तयारीने गेले होते. पण ज्यांना आधीच आम्लपित्त वर येते त्यांचा तो त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. मधुमेहाचा विचार करूनही माझ्यासाठी बायपास, म्हणजे जठराचा छोटा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडणे, बरा, असे ठरले.

त्या रात्री नणंदेच्या घरी झोपेची तपासणी झाली. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा आणि मनगटावर खोका अशा अवतारात मी झोपले. मला घोरण्याची सवय आहे एवढेच ठाऊक होते. २ जुलैला अहवाल आला: झोपेत तासाला ३७ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता आणि रक्तातला प्राणवायू ७४ टक्क्यांपर्यंत उतरत होता. तासाला ३० च्या वर गेले की त्याला तीव्र म्हणतात. मान का मोजली होती ते तेव्हा समजले. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे रोज रात्री मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लावणे भूलतज्ज्ञांच्या दृष्टीने आवश्यक होते, म्हणून ते महिना ३,५०० रुपये भाड्याने आणले. पहिल्या रात्री घोरणे बंद झाले तेव्हा यांना झोप लागेना; दोनदा उठून त्यांनी मुखवट्याच्या छिद्रांपुढे बोट धरून हवा येते की नाही ते पाहिले. सकाळी मी किती वर्षांनी डोके न दुखता उठले होते.

विम्याच्या दृष्टीने हा अहवाल म्हणजे लॉटरीच होती, असे आमच्या संस्थेतला शिपाई म्हणाला, आणि त्याचे चुकले नाही. माझी पात्रता पुढे त्याच कागदावर टिकली.

८ जुलैला आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या भेटी होत्या. आहारतज्ज्ञांनी आधीच्या आठवड्याची खाण्याची वही मागितली होती. मी ती प्रामाणिकपणे लिहिली होती आणि तिच्यात नेमकी ६ जुलैची आषाढी आली होती. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप, संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू. संपूर्ण आठवड्यात सर्वांत जास्त उष्मांक उपवासाच्या दिवशी भरले. “एकादशी, दुप्पट खाशी,” असे त्या हसत म्हणाल्या आणि त्यांनी त्या पानावर लाल खूण केली. दुसरी लाल खूण माझ्या कचेरीतल्या टेबलावर पडली. कर्ज मंजूर झाले की कर्जदार कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन येतो, आणि आमच्या संस्थेत महिन्याला तीस-चाळीस कर्जे मंजूर होतात. ते पेढे मी वहीत लिहिले होते, पण स्वयंपाकघरात उभ्या उभ्या संपवलेली भाकरीची कड आणि मुलीच्या ताटातला उरलेला भात लिहायचा राहिला होता. तो त्यांनी विचारून काढून घेतला.

मानसशास्त्रज्ञांची भेट पन्नास मिनिटांची होती. आपल्याला वेडे ठरवतात की काय, अशी भीती घेऊन मी आत गेले. त्यांनी रात्री उठून खाता का, कोणी बोलल्यावर खाता का, खाणे हाताबाहेर जाते असे वाटते का, मद्य घेता का, जीव नकोसा वाटला होता का, असे एकेक विचारले. अनावर खाण्याचा विकार, उपचार न घेतलेले नैराश्य किंवा व्यसन असेल तर शस्त्रक्रिया कायमची नाकारतात असे नाही. आधी त्यावर उपचार करतात आणि तोवर थांबवतात. मग त्यांनी कोरा कागद देऊन वजन उतरल्यावर काय काय बदलेल असे वाटते ते लिहायला सांगितले. मी सात गोष्टी लिहिल्या. त्यांतल्या कोणत्या शस्त्रक्रियेने होतील आणि कोणत्या नाहीत, हे त्यांनी मलाच ठरवायला लावले. चार मी स्वतः खोडल्या. कोणत्या खोडल्या ते इथे लिहीत नाही.

शेवटी माझा फॉर्म उलटत त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, “दात कशाने घासता?”

मी म्हटले, “मिश्रीने.”

त्यांनी पेन खाली ठेवला. कधीपासून, दिवसातून किती वेळा, तोंडात किती वेळ ठेवता, अशी चौकशी झाली. माझे माहेर पाटण तालुक्यातले. आई तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर तिची पूड करायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. पंधराव्या वर्षी ती डबी माझ्या हातात आली. सकाळी दोनदा, दुपारी जेवल्यावर आणि रात्री. कचेरीत दुपारची चुकली तर आकडे डोळ्यांपुढे नाचायचे, आणि सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नसे. “मग हे तंबाखूचे सेवन नव्हे का?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी जे उत्तर दिले ते आठवून आजही कानकोंडे व्हायला होते. मी म्हणाले, “ती खायची नसते, लावायची असते.” डबी त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती.

शल्यचिकित्सक रागावले नाहीत, पण २४ जुलैची तारीख त्यांनी खोडली. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, टाके नीट भरून येत नाहीत, आणि बायपासमध्ये जठर व आतडे जोडतात त्या ठिकाणी व्रण होण्याचा धोका वाढतो. मिश्री पूर्ण बंद होऊन किमान सहा आठवडे गेल्याशिवाय हात लावणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ९ जुलैपासून मी ती सोडली. पहिले चार दिवस डोके ठणकत होते आणि पोटाने संप पुकारला होता. इसबगोल आणि कोमट पाण्यावर ते हळूहळू मार्गी लागले. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही शासनाची विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तिथे मराठीतून बोलता आले आणि त्यांनी पुढच्या आठवड्यात आपणहून फोन करून विचारपूस केली. घरात सर्वांत कठीण गेले ते आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, सांगणे, कारण माझी डबी आणि त्यांची डबी एकाच फडताळात असे. त्यांनी आपली डबी उचलून देवघरामागे नेऊन ठेवली. बंद केली नाही, पण माझ्यासमोर लावणे सोडले.

२० ऑगस्टला लघवीतल्या कोटिनिनची तपासणी झाली. शरीरात निकोटिन येऊन गेल्याची ती खूण असते. माझी तपासणी निर्दोष आली. त्याच दिवशी भूलतज्ज्ञांनी तोंड किती उघडते, मान किती मागे वळते ते पाहिले, छातीची क्ष-किरण तपासणी झाली, नळीत फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजली आणि सहा मिनिटे मार्गिकेत चालवून पाहिले. सीपॅपच्या यंत्रात किती तास वापर झाला याची नोंद असते. ती त्यांनी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सर्व तज्ज्ञांच्या बैठकीत माझ्या फाइलला मान्यता मिळाली आणि ११ सप्टेंबर ही तारीख ठरली. पितृपक्षात कसली शस्त्रक्रिया, असा आत्यांचा सूर होता. पण पुढची रिकामी तारीख ऑक्टोबरची होती आणि तोवर ३,५०० रुपये भाडे आणखी एकदा भरावे लागले असते. हे ऐकल्यावर त्यांनी विषय सोडला.

शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे यकृत लहान करण्याचा आहार असतो. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि चरबीने फुगलेले यकृत उचलताना फाटू शकते. कमी उष्मांकांच्या आणि भरपूर प्रथिनांच्या आहाराने ते आटते. माझा आहार २८ ऑगस्टला सुरू झाला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी. १ सप्टेंबरला गौरीचे जेवण होते. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कटाची आमटी, सारे मीच केले, सवाष्णींना वाढले आणि स्वयंपाकघरात येऊन व्हेची, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची, पूड घातलेले ताक प्याले. पुरण वाटताना बोट चाटण्याची सवय इतकी जुनी की मी दोन्ही हातांत प्लास्टिकचे मोजे घातले होते. पहिले तीन दिवस चिडचिड होते, चौथ्या दिवसापासून भूक मऊ पडते. मधुमेहाच्या गोळ्या या काळात डॉक्टरांना विचारून कमी कराव्या लागतात, नाहीतर साखर एकदम खाली जाते. माझी एक गोळी पहिल्याच दिवशी बंद केली होती.

याच पंधरवड्यात विम्याची पत्रापत्री चालू होती. २९ ऑगस्टला रुग्णालयाने कॅशलेससाठी कागद पाठवले. २ सप्टेंबरला पहिली शंका आली: प्रस्तावात उंची पाच फूट तीन इंच, रुग्णालयाच्या कागदात १५५ सेंटिमीटर, तफावत का? २०१९ मध्ये एजंटने मला विचारून ते भरले होते आणि खाली सही माझीच होती. डॉक्टरांनी प्रत्यक्ष मोजलेल्या उंचीचा दाखला दिला. जुन्या उंचीनेही बीएमआय ३५ च्या वरच येत होता, हे मी आकडेमोड करून सोबत जोडले. ४ सप्टेंबरची शंका जास्त खोचक होती. इन्सुलिन सुरूच केलेले नसताना मधुमेह अनियंत्रित कसा, आणि कमी त्रासाचे उपाय करून पाहिल्याचा पुरावा कुठे आहे? मधुमेहाच्या मुद्द्यावर वाद घालत बसण्यापेक्षा झोपेच्या अहवालावर भर द्यावा, असे रुग्णालयातल्या विमा कक्षातील ताईंनी सुचवले आणि फुप्फुसतज्ज्ञांचे ‘तीव्र’ हा शब्द असलेले पत्र जोडले. उपायांच्या पुराव्यासाठी मी माळा उपसला. २०२१ च्या आहारतज्ज्ञांची वही, व्यायामशाळेच्या आठ महिन्यांच्या पावत्या आणि आमच्या डॉक्टरांकडचे चार केसपेपर, ज्यांवर दर वेळी वजन लिहिलेले होते, एवढे सापडले. वजन उतरवण्यासाठी जे काही कराल त्याची पावती आणि डॉक्टरांकडच्या प्रत्येक भेटीत वजनाची नोंद जपून ठेवा. आपण केलेले प्रयत्न आपल्याला आठवत असले तरी विमा कंपनीला कागदच लागतो. ८ सप्टेंबरला दुपारी प्राथमिक मंजुरीचा संदेश आला, दीड लाखाचा. उरलेली रक्कम अंतिम बिलावर ठरेल, असे त्यात म्हटले होते.

१० तारखेला दाखल होताना वजन ८८.४ भरले. आहाराने बीएमआय ३५ च्या खाली गेला तर मंजुरी रद्द होईल का, ही भीती मला आठवडाभर छळत होती. पण तो ३६.८ होता आणि प्रश्नच आला नाही. संमतीपत्र मराठीत होते, पाच पाने. जीवनसत्त्वे जन्मभर घ्यायची, ठरल्या वेळी रक्त तपासायचे, पुढचे बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची (वय ४२ असले तरी विचारतात), रक्ताच्या गुठळीपासून ते जोडातून गळती होण्यापर्यंतचे धोके समजले आहेत; प्रत्येक पानावर सही. शस्त्रक्रिया अडीच तास चालली. त्याच संध्याकाळी मला धरून चालवले आणि १३ सप्टेंबरला शनिवारी घरी सोडले. त्या तीन दिवसांबद्दल वेगळे लिहिण्याजोगे काही नाही. दुखले, पण सोसण्यापलीकडे नाही.

हिशेब मात्र लिहिते. बिल ३,८५,००० रुपये झाले आणि ३,४१,६०० मंजूर झाले. खोलीभाड्याची माझी मर्यादा दिवसाला ५,००० होती आणि मी ५,५०० ची खोली घेतली. नुसते जादा पाचशेच वजा होतील असे मला वाटले होते. प्रत्यक्षात त्या प्रमाणात इतर खर्चांतही कपात झाली. दोघांत एक खोली घेतली असती तर हे टळले असते. दाखल होण्याआधीचा खर्च माझ्या पॉलिसीत ६० दिवसांपर्यंतचा मिळतो. १० सप्टेंबरपासून मागे मोजले तर ही मुदत १२ जुलैला संपते. ऑगस्टमधल्या तपासण्यांचे ७,००० रुपये परत आले. जूनमधली रक्ततपासणी, सोनोग्राफी, टूडी एको, एंडोस्कोपी, झोपेची तपासणी आणि जुलैतल्या त्या दोन भेटी, मिळून २७,५०० रुपये, मुदतीबाहेर गेले. शस्त्रक्रिया २४ जुलैला झाली असती तर हे सर्व मुदतीत बसले असते. फॉर्ममधल्या एका ओळीत ‘नाही’ लिहिण्याची ही किंमत मी खतावणीत मिश्रीच्याच नावावर टाकली आहे.

१९ सप्टेंबरला टाके दाखवायला गेले तेव्हा स्वागतकक्षात तोच चार पानी फॉर्म एक बाई भरत होत्या. ‘धूम्रपान / तंबाखूचे सेवन’ या ओळीखाली कोणीतरी निळ्या पेनाने कंसात लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या होत्या: मिश्री, मशेरी, जर्दा, गुटखा, तपकीर. बाई त्या ओळीशी थांबल्या होत्या. माझी पुढची रक्ततपासणी ११ डिसेंबरला ठरली होती.